वकिलाची पंचेचाळीस मिनिटं

४ फेब्रुवारी

बाईसाहेब,

तुझं पत्र मिळालं. तीन पानं. त्यातली अडीच कुत्र्याबद्दल. उरलेल्या अर्ध्यात पाण्याच्या टाकीचं झाकण, माझी तब्येत, आणि अगदी शेवटी, पाकीट चिकटवता चिकटवता आठवल्यासारखं, "इथलं काम अजून तीन महिने चालेलसं दिसतंय." कुत्र्याला, आपल्या वकिलाला, मात्र खास निरोप आहे. "माझ्या सोन्याला सांग, मी रोज त्याची आठवण काढते." सांगितला. त्याने मान वाकडी करून ऐकला आणि माझ्या डाव्या चपलेचा पट्टा खाल्ला.

फोन करायचा नाही, पत्रं लिहायची, हे तूच ठरवलंस. फोनवर मी तुला वाक्य पुरं करू देत नाही म्हणे. बरं. परगावच्या ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं शिवून पुन्हा उभी करायची, सहा महिन्यांचं काम आहे, असं सांगून तू गेलीस. मी जा म्हटलं. सहा महिने मूग गिळून बसलो, एक चकार शब्द काढला नाही, एवढं तरी मान्य कर. ते सहा महिने एक तारखेला संपले. आज चार आहे. म्हणून आज बोलतोय.

आता तुझ्या सोन्याचं ऐक. तू घरी बसून पुस्तकं बांधायचीस तेव्हा घर कधी रिकामं नसायचं. तू गेल्यावर मी त्याला दुकानात न्यायला लागलो, टेबलाखाली बांधायचो. पण घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि केसाळ कुत्रा यांचं जमत नाही. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचं घड्याळ तिसऱ्यांदा बंद पडून परत आलं. उघडून भिंगातून पाहिलं तर आतल्या बारीक स्प्रिंगेत वकिलाचा केस. मी कानाला खडा लावला. तेव्हापासून तो घरी आणि मी दुकानात.

आणि तेव्हापासून तो भुंकतो. मी कुलूप लावून जिन्याच्या दुसऱ्या वळणावर पोचेपर्यंत गप्प. मग एकेक, मग सलग, मग मान वर करून गळाच काढतो. संध्याकाळी मी येईपर्यंत दम घेत घेत चालू. खालच्या मजल्यावरच्या काकू, टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेल्या, मला जिन्यात अडवून म्हणाल्या, "तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली मी. आता याचं कोणाशी जोडून देऊ तेवढं सांगा." कोणाशी ते मला ठाऊक आहे. सांगितलं नाही.

परवा सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं. ३१ मार्चपर्यंत आवाज बंद झाला नाही तर कुत्रा इमारतीबाहेर. ते स्वतः येऊन जिन्यात बसून ऐकणार आहेत. मी पत्र दोनदा वाचलं. वकील गेला तर तुझ्या पत्रात माझ्यासाठी अर्धं पान उरेल, आणि त्यातही टाकीचं झाकण.

तुझ्या शेजारच्या दवाखान्यातले ते जनावरांचे डॉक्टर या बाबतीत हुशार आहेत असं तू लिहिलंयस. एकाच पानावर चार वेळा "डॉक्टर म्हणतात" आहे. मी मोजलं. काय म्हणतात ते सविस्तर कळव. कुत्र्यासाठी विचारतोय.

तुझा कागदोपत्री नवरा


१५ फेब्रुवारी

बाईसाहेब,

डॉक्टरांच्या सूचना मिळाल्या. तुझ्या अक्षरात, नंबर घालून. निघताना कुत्र्याचे लाड करायचे नाहीत, निरोप घ्यायचा नाही. परत आल्यावर पहिली पाच मिनिटं त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, म्हणजे जाणं-येणं ही काही मोठी गोष्ट नाही असं त्याला कळतं. अंगावर वापरलेलं कापड त्याच्या अंथरुणात ठेवायचं. आणि थोडं थोडं बाहेर राहायची सवय करायची, पण वेळ रोज वेगळी ठेवायची. कधी दोन मिनिटं, कधी वीस, कधी पाच.

कापडासाठी तू तुझी निळी ओढणी पार्सलने पाठवलीस. मी पार्सल झटकून बघितलं, घडीघडी उलगडली. चिठ्ठी नव्हती. कुत्र्याला ओढणी आणि नवऱ्याला रिकामा पुठ्ठ्याचा खोका. असो. ओढणी त्याला दिली.

तू पुढे लिहितेस की डॉक्टरांचा स्वतःचा कुत्रा इतका शांत आहे की संध्याकाळी फिरायला गेलं तर सोबत कुत्रा आहे हे विसरायला होतं. म्हणजे तू फिरायला जातेस. संध्याकाळी. डॉक्टरांबरोबर. मला काय, चालणं तब्येतीला चांगलं. त्यांचा कुत्रा शांत, त्यांचा आवाज शांत, असं तूच लिहिलंयस. आमच्या घरात सगळेच भुंकणारे.

सराव उद्यापासून सुरू करतो. त्यांच्या सूचनांत थोडी सुधारणा केली आहे. रोज वेगळी वेळ हा ढिसाळपणा झाला. माझ्या हातून असं काम आयुष्यात झालेलं नाही. दुकान अकराला उघडतं. मी बरोबर दहाला बाहेर पडणार, पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग दहा, मग पंधरा, अशी पायरी पायरीने पंचेचाळीसपर्यंत. तिथे पोचलो की पंचेचाळीस पक्की करायची. तोवर दिवसभर तो दुकानातच, पण टेबलापासून लांब, दारापाशी.

तुझ्या डॉक्टरांना कळव, कुत्रा त्यांच्या सूचनांवर नाही, माझ्या घड्याळावर सुधारणार आहे.


११ मार्च

बाईसाहेब,

पेढे वाटावेत अशी बातमी आहे. पंचेचाळीस मिनिटं. एक आवाज नाही.

मी रोज दहाच्या ठोक्याला निघतो आणि जिन्याच्या तळाशी, जिथे सायकली ठेवतात तिथे, स्टॉपवॉच घेऊन बसतो. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत तो चौदा वेळा भुंकला. चौथ्या दिवशी तीनदा. नवव्या दिवशी मी पंचेचाळीसवर पोचलो, आणि गेले पंधरा दिवस रोज पंचेचाळीस, सेकंदाचा फरक नाही. बरोबर पावणेअकराला मी दार उघडतो. तो दारात उभा असतो, शेपूट हलवत. मी पाच मिनिटं त्याच्याकडे बघत नाही. हे फार अवघड जातं. तो माझ्या पोटरीवर नाक टेकवून उभा राहतो आणि मी भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत बसतो.

सेक्रेटरी भेटले तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं, आता चिंता नको. उद्यापासून त्याला पूर्ण दिवस घरी ठेवणार. जो पंचेचाळीस मिनिटं गप्प बसतो तो पाच तासही बसेल, त्यात काय.

तुझं मागचं पत्र बुधवारी यायचं ते शुक्रवारी आलं. पोस्टाचा घोळ असेल. की बुधवारी संध्याकाळी फिरणं लांबलं? तुझ्या पत्रात ग्रंथालयाचं एक अक्षर नाही. डिंक कसा मिळतो, कागद कसा आहे, जेवणाचं काय, काही नाही. डॉक्टरांनी मात्र एका आंधळ्या मांजरीचं कसं काय केलं त्याचं दीड पान. मी मांजर झालो असतो तर बरं झालं असतं. माझ्याही डोळ्यांचं काही खरं नाही, दिवसभर भिंग लावून. पण मला कोण बघतंय.

पंचेचाळीस मिनिटं. हे त्यांना वाचून दाखव.


१८ मार्च

तुला,

डाळ शिजली नाही. उगाच शब्द फिरवत नाही, सरळ सांगतो.

बारा तारखेला त्याला घरी ठेवून दुकानात गेलो. संध्याकाळी काकू दारातच उभ्या. तेराला तेच. चौदाला तेच. पंधराला त्यांनी मला आत बोलावलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "घड्याळवाले, तुमचा कुत्रा बिघडलेला नाही. फार बरोबर चाललाय. तुम्ही कधीही जा, दहाला नाहीतर अकराला, गेल्यापासून पंचेचाळीस मिनिटं शांत. शेहेचाळिसाव्याला पहिली भुंक. काल माझं भिंतीवरचं घड्याळ थांबलं होतं, ते मी त्याच्यावर लावून घेतलं."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "अहो, तुम्ही त्याला गप्प बसायला नाही शिकवलंत," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला वेळ शिकवलीत. पंचेचाळीस मिनिटं तो कळ काढतो, कारण तेवढ्यात तुम्ही येता. नाही आलात की त्याला वाटतं, आता तुम्ही यायचेच नाहीत."

चहा तसाच ठेवून मी वर आलो तर दाराखाली तुझं पत्र. तीन महिन्यांनंतर आणखी दोन. सहा, मग तीन, मग दोन. आणि त्याच पत्रात, डॉक्टर म्हणतात, मी आधीच सांगितलं होतं, वेळ रोज वेगळी ठेवा.

माझं डोकं फिरलं. फिरलेल्या डोक्यानेच लिहितोय आणि फाडणार नाही. तुझं आणि त्यांचं काय चाललंय? दरवेळी मुदत थोडी थोडी का वाढवतेस? माझी सवय करतेस का, रिकाम्या घराची? त्यांनीच सांगितलंय का ही युक्ती, आधी सहा, मग तीन, मग दोन, म्हणजे शेवटी नवरा भुंकायचा थांबतो?

माझ्या पोटात दुखतंय. लपवत नाही आता. त्या माणसाच्या शांत आवाजाने दुखतं, त्याच्या शांत कुत्र्याने दुखतं. वकिलाला तू सोन्या म्हणतेस त्याने दुखतं. तो दिवसभर तुझ्या नावाने गळा काढतो आणि इमारत ऐकते, कमिटी बसते, त्याच्यासाठी पार्सल येतं. मी दुकानात भिंग लावून बसतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, काय, आज फार शांत.

आणि ओढणी. मी लिहिलं होतं, दिली. खोटं होतं. आठवडाभर ती माझ्या उशीखाली होती. मग लाज वाटली आणि त्याला दिली. त्याने एकदा हुंगली आणि तिच्यावर झोपला. त्याला लाज वाटली नाही.


२४ मार्च

तुला,

तुझं पत्र आलं. एक पान. या वेळी कुत्र्याची चौकशी फक्त शेवटच्या ओळीत आहे.

मी ते इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटायला लागलंय. तूच येऊन शिवशील तर बरं. तू लिहितेस, "डॉक्टरांचं आणि माझं काही नाही. असतं तर सगळ्यांत आधी तुला सांगितलं असतं. पण तू विचारत नाहीस, मोजतोस. कुत्रा शेहेचाळिसाव्या मिनिटाला भुंकतो यात मला काहीच नवल वाटलं नाही. नऊ वर्षं मी तुझ्या घराचा जिना घड्याळाकडे बघत चढले. खरं सांगायचं तर इथलं काम एप्रिलअखेर संपतंय. पुढचे दोन महिने मी माझ्यासाठी मागितलेत. घरी यायचं की नाही ते मला ठरवायचंय."

तर हे असं आहे. मला वाटत होतं तू कामासाठी थांबतेस, मग वाटलं माणसासाठी थांबतेस. तू माझ्यामुळे थांबली आहेस हे डोक्यात आलंच नव्हतं.

गॅलरीचं मला आठवतं. तू बांधलेली पुस्तकं पोचवायला जायचीस. सव्वासहाला येते म्हणालीस की सहा सोळाला मी गॅलरीत. तू आलीस की मी "सात मिनिटं" एवढंच म्हणायचो. एकदा "एकवीस". त्या दिवशी तुझा पाय मुरगळला होता. तू कठडा धरून धरून वर आलीस आणि मी "एकवीस" म्हणालो. तू पायावर बर्फ धरून बसलीस. मी बर्फ आणून द्यायला हवा होता. मी मनगटाकडे बघत होतो. मला वाटायचं मी काळजी करतोय. ती काळजी नव्हती. तू माझ्याशिवाय कुठेतरी होतीस, ती मिनिटं माझ्या हातातून गेली, त्याचा जळफळाट होता. दुकानात एकही गिऱ्हाईक असं नाही ज्याच्याकडे मी घड्याळ देताना एवढं चिडून बघितलं असेल.

चुकलो. हा शब्द लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

वकिलाचं नव्याने सुरू केलंय. डॉक्टरांच्या पद्धतीने, एकही सुधारणा न करता. पण मला वेळ वेगळी ठेवताच येत नाही. ठरवून बारा मिनिटं म्हटलं तरी मनातल्या मनात काटा फिरतो. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "घड्याळ काढून माझ्याकडे द्या. जा रस्त्यावर. मला वाटेल तेव्हा मी खिडकीत लाल टॉवेल टाकीन, तेव्हा या." तीस वर्षं लोकांचे फोन त्यांनी असेच लावले असणार. मी मनगट रिकामं करून समोरच्या फुटपाथवर फिरतो आणि खिडकीकडे बघतो. कधी दोन फेऱ्यांत टॉवेल पडतो, कधी पाय दुखेपर्यंत नाही. फार वाईट वाटतं. कधी बोलावणं येईल ते माहीत नसलं की माणूस खिडकीखालीच घुटमळायला लागतो. काल न राहवून मी खालून ओरडलो, "काकू, झालं का?" वरून वकील भुंकला नाही. मीच भुंकलो.


२ एप्रिल

बायको,

वकील राहिला.

एकतीस तारखेला सेक्रेटरी खुर्ची घेऊन जिन्यात बसले, अकरा ते चार. मी दुकानात होतो, पण एक चाक जागेवर बसवलं नाही. चारला आलो तर सेक्रेटरी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेले. काकूंनी त्यांना उठवलं. ते म्हणाले, "घरात कुत्रा आहे ना नक्की?" मी दार उघडलं. होता. पाच मिनिटं त्याच्याकडे बघायचं नव्हतं. तीन झाली असतील नसतील, मी खाली बसून त्याच्या मानेत तोंड घातलं.

घरात मी फोनवर आवाज टेप करायला लावून गेलो होतो. संध्याकाळी बसून सगळा ऐकला, पाच तास. नखांचा आवाज, थोडा वेळ. पाणी प्यायल्याचा. मग दारापाशी येऊन धपकन बसल्याचा, आणि एक मोठा सुस्कारा. मग काही नाही. काहीच नाही. मला वाटलं होतं मी खूश होईन, पण झालो नाही. वाटलं, मी याला वाट न बघायला शिकवलं. आता तू आलीस काय आणि न आलीस काय, याला सारखंच. तुलाही माझ्याकडून हेच हवं असेल.

काकूंना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "वाट बघत नाही असं कसं? दारापाशीच तर बसतो. येणार याची एकदा खात्री पटली की ओरडावं लागत नाही, एवढंच."

म्हणजे त्याची खात्री पटलेली आहे. माझी नाही. म्हणून माझा अजून आवाज येतो. डॉक्टरांचं नाव वाचलं की अजून आतून काहीतरी गुरगुरतं, ते थांबेल असं वचन मी देत नाही. पण त्यांना माझे आभार सांग. हे वाक्य लिहून मी घोटभर पाणी प्यायलो.

तू दोन महिने स्वतःसाठी मागितलेस. घे. एकतीसचे दोन की तीसचे, मी मोजणार नाही. फक्त एक विचारतो, आणि या वेळी विचारतोय. आम्ही दोघं तुला भेटायला आलो तर चालेल? न्यायला नाही, भेटायला. तू पुस्तकं शिवतेस ते टेबल बघायचंय. डिंक कसा मिळतो ते ऐकायचंय. तुझ्या पायाचं आता कसं आहे तेही मी कधी विचारलं नाही. नको असेल तर "नको" एवढा एक शब्द टाक, मी येणार नाही, आणि पुन्हा का म्हणून विचारणार नाही.

"ये" म्हणालीस तर कधी येईन ते मात्र सांगत नाही. सोमवारी येईन, नाहीतर गुरुवारी, सकाळी किंवा ऐन दुपारी. म्हणजे तुला घड्याळाकडे बघत बसावं लागणार नाही. उशीर झाला असं तुझ्याबद्दल कोणी म्हणणार नाही, आणि माझ्याबद्दल तुला म्हणता येणार नाही.

दार उघडल्यावर पहिली पाच मिनिटं माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. वकिलाशी बोल. मी दारापाशी उभा राहीन, भिंतीवर एखादा खिळा असेलच. घड्याळ काकूंकडे ठेवून येतोय, तेव्हा पाच मिनिटं अंदाजाने धरीन. चुकलीच तर थोडी कमीच भरतील.

तुझा नवरा